साखरेची जास्वंद आणि पोटापाण्याचा प्रश्न

केकवर साखरेची फुलं बसवून पोट भरतं का? कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपूरच्या आईवडिलांनी असं विचारलं तर ते रास्तच आहे. माझं उत्तर: भरतं, पण आठवडाभराच्या क्लासनं नाही. त्यासाठी निरखणारी नजर हवी, आणि साखरेच्या स्वभावाची ओळख.

ज्या घरांत हलव्याचे दागिने होतात, रुखवत मांडलं जातं, तिथं खाण्याच्या वस्तूंतून हुबेहूब रूप घडवणं नवं नाही. आज त्याच हाताला मोठी वाट आहे. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी रॉयल आयसिंगमध्ये (वाळल्यावर कडक होणाऱ्या साखरेच्या लेपात) मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलोंची प्रतिकृती उभारली. २०२२ मध्ये लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सनं तिची नोंद घेतली. देब इंग्लंडमध्ये केक-सजावटीचे कलाकार एडी स्पेन्स यांच्याकडे शिकल्या होत्या. मुळात या आयसिंगमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. देब यांनी ते अंड्याविना जमवलं. आपल्या भागात अंडं न खाणारी घरं किती आहेत, हे तुम्हाला सांगायला नको.

मुलांनो, सुरुवात अंगणातल्या जास्वंदीपासून करा. फूल पाकळी-पाकळी सुटं करा. पाच पाकळ्या एकमेकींवर कशा चढतात, मधला दांडा कुठून निघतो, कडा कुठे विरळ होते, ते पाहून कागदावर उतरवा. मग आयसिंग शुगरमध्ये सीएमसी (घट्टपणा आणणारी खाद्य) पावडर घालून गमपेस्ट, म्हणजे साखरेची कणीक, मळा. पाकळीची कड इतकी पातळ लाटा की उजेड आरपार दिसावा. रंग ओला फासू नका. पाकळी वाळल्यावर कोरडा खाद्यरंग मऊ ब्रशनं देठाकडून बाहेर न्या. खरेपणा तिथंच येतो. आपल्या उन्हाळ्यात गमपेस्ट हातातच कडक होते, म्हणून गोळा झाकून ठेवा. पावसाळ्यात तीच ओल धरते, आणि फ्रीजमधून काढलेल्या फाँडंटला (केकवरच्या साखरेच्या आवरणाला) घाम सुटतो.

खरं फूल केकवर का ठेवू नये? कण्हेर विषारी आहे, एवढं एकच कारण पुरे. साखरेच्या फुलाची तारसुद्धा थेट केकमध्ये खुपसायची नसते. रंगांबाबत तर कसलीच तडजोड नको: २०२४ मध्ये कर्नाटकच्या अन्नसुरक्षा खात्यानं तपासलेल्या २३५ केक-नमुन्यांपैकी १२ कृत्रिम रंगांमुळे असुरक्षित ठरले. परवानगी असलेलेच रंग, तेही ठरल्या मर्यादेत वापरायचे. घरून विक्री करायची असली तरी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी.

पालकांनो, शिक्षण सोडवू नका. आयटीआयमध्ये ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा देऊन हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेता येते. सोलापुरातही हॉटेल मॅनेजमेंटची राज्य शासनाची संस्था आहे. महागड्या खासगी क्लासची फी भरण्याआधी तिथले अभ्यासक्रम पाहून या. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या मुलाला सोलापूर आणि कलबुर्गी, दोन्हीकडची गिऱ्हाइकं मिळू शकतात.

अडचण बहुतेक वेळा हिशेबात येते. एका फुलाला दोन तास लागले, तर ते दोन तास किमतीत धरलेत का? साखर, रंग, वीज आणि वेळ वहीत लिहायला मुलांना आजपासूनच लावा. येत्या सुट्टीत मुलीला किंवा मुलाला आयसिंग शुगर आणि एक ब्रश आणून द्या, आणि महिनाभर तीच जास्वंद पुन्हा पुन्हा करू द्या. महिन्यानंतरही हात त्याच फुलाकडे वळत असेल, तर फीचे पैसे जमवायला लागा.