मेडिकल घ्यावं की एम्स?

नागपुरात रिक्षावाल्याला 'मेडिकल' म्हटलं की तो औषधांचं दुकान शोधत नाही, थेट शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात नेऊन सोडतो. १९४७ पासूनची ही ओळख. एम्सचा पत्ता मात्र अजून सांगावा लागतो: वर्धा रोडने खापरीच्या पुढे, मिहानमध्ये. नीटचा निकाल लागून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की या दोन पत्त्यांच्या मध्ये काही घरांची झोप उडते. एकीकडे अखिल भारतीय फेरीत एम्स लागलेलं, दुसरीकडे राज्याच्या यादीत मेडिकल. मावशी म्हणते एम्स म्हणजे एम्स, ओळखीचे डॉक्टर म्हणतात मेडिकलसारखा पेशंट कुठे मिळणार, आणि जिने दोन वर्षं खोलीचं दार लावून अभ्यास केला ती मुलगी गप्प.

या पालकांना मी आधी एवढंच सांगतो की, 'चांगलं कोणतं' हा प्रश्न आता संपलाय. तो नीटच्या गुणांनी सोडवला. आता 'आपलं मूल कुठे शिकेल' हे पाहायचं आहे, आणि त्यासाठी कट-ऑफची यादी उपयोगाची नाही. गेल्या वर्षी कुठली जागा कितव्या क्रमांकावर संपली, यावरून मुलांची ओढ कळते. वॉर्डात काय शिकवलं जातं, ते कळत नाही.

या दोन संस्था एकमेकींना परक्या नाहीत, हेही सांगायला हवं. २०१८ मध्ये एम्सची पहिली ५० मुलांची तुकडी आली तेव्हा मिहानमधल्या इमारती तयार नव्हत्या. त्यांचे वर्ग मेडिकलच्याच आवारात भरले. आज एम्समध्ये दरवर्षी १२५ मुलं येतात, मेडिकलमध्ये २५०.

फरक इथून सुरू होतो. मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी केस पेपरच्या रांगेत उभे राहा. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, शिवाय छिंदवाडा आणि बालाघाटहून रात्रीच्या गाडीने आलेली माणसं दिसतील. कुणाच्या मुलाला सिकलसेल, कुणाला साप चावलेला, कुणी फवारणीचं औषध अंगावर घेऊन आलेलं. विदर्भाचा आजार पुस्तकाआधी इथल्या खाटेवर भेटतो. चौदाशे खाटांच्या रुग्णालयात तिसऱ्या वर्षाचं पोर रेसिडेंटच्या मागे सावलीसारखं फिरलं, तर पाच वर्षांत त्याच्या हाताखालून जे जाईल ते कुठल्याही व्हिडिओतून मिळणार नाही. पण या वाक्यातला 'तर' फार महत्त्वाचा आहे. गर्दीत शिकवणाऱ्यालाही उसंत नसते. विचारेल त्याला मिळतं. जे मागच्या रांगेत उभं राहून वहीत लिहितं, ते तसंच राहून जाऊ शकतं. शिवाय शासकीय महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या बदल्या होतात, म्हणून एखाद्या नामवंत सरांकडे बघून जागा निवडू नका.

एम्समध्ये तुकडी निम्मी. शिक्षकाला मूल नावाने ओळखता येईल इतकी. संशोधनाचं वातावरण आहे, आणि सगळ्या जागा देशपातळीवर भरल्या जात असल्याने वसतिगृहात शेजारची खोली केरळची किंवा राजस्थानची असू शकते. पदवीही एम्सची स्वतःची. मेडिकलची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. परीक्षेची पद्धत त्यामुळे वेगळी, आणि ती दोन्हीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून समजून घ्या. एम्स तरुण आहे, म्हणजे ठिकठिकाणी बसलेले जुने सीनियर अजून नाहीत. मेडिकलचे मात्र विदर्भाच्या तालुक्या-तालुक्यात सापडतात. हेमलकशाचे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, गडचिरोलीत 'सर्च' उभारणारे अभय आणि राणी बंग, मेळघाटातल्या बैरागडला गेलेले रवींद्र कोल्हे, हे सगळे याच मेडिकलचे विद्यार्थी.

माझं मत विचाराल तर असं आहे. जे मूल अनोळखी माणसाशी सहज बोलतं, धक्काबुक्कीतही पुढे सरकतं आणि ज्याला पुढे विदर्भातच काम करायचंय, त्याच्यासाठी मी मेडिकलकडे झुकतो. ज्याला प्रश्न सुचतात पण चारचौघांत विचारता येत नाहीत, किंवा ज्याला प्रयोगशाळेची ओढ आहे, त्याला लहान तुकडी मानवेल. बुजऱ्या मुलाला 'गर्दीत टाकलं की सुधारेल' म्हणून ढकलणारे पालक मला भेटतात. प्रत्येक मूल तसं सुधारत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या अॅनाटॉमीत तर मुळीच नाही.

पैशाचं थोडक्यात. एम्सची फी काही हजारांत आटोपते. मेडिकलमध्ये खुल्या प्रवर्गाला वर्षाला लाखाच्या वर जाते. पण २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे, तेव्हा उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. राज्याच्या शासकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्यावर एक वर्षाच्या शासकीय सेवेचा बाँड असतो. या वर्षाला घाबरू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने घेतलेला निर्णय माणसाला डॉक्टर करतो. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी मात्र कुठल्या महाविद्यालयाचे विद्यार्थी राज्याच्या कोट्यात धरले जातात, ते ताज्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा. त्यावर कुणाच्याही सांगण्याने जाऊ नका.

आणि फेऱ्यांचं गणित. अखिल भारतीय पहिल्या फेरीत लागलेली जागा घेतली नाही तरी अनामत जात नाही. दुसऱ्या फेरीतली सोडली तर जाते. रुजू होऊन नंतर जागा सोडायची असेल, तर महाविद्यालयाने पोर्टलवरून काढून दिलेलं राजीनामापत्रच चालतं. साध्या कागदावरचा अर्ज देऊन घरी आलात, तर प्रणालीत तुम्ही तिथलेच विद्यार्थी राहता. राज्याच्या फेरीत 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म भरला की पुढच्या फेऱ्यांत बदल मिळत नाही, म्हणून घाईत सही करू नका. मूळ कागदपत्रं एकाच ठिकाणी असू शकतात. दोन्हीकडच्या शेवटच्या तारखा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

मधे दोन दिवस मिळतातच. एक सकाळ मेडिकलला द्या, एक मिहानला. वसतिगृहाची खोली, मेसचं ताट, वाचनालय रात्री किती वाजता बंद होतं, एका शवविच्छेदन टेबलाभोवती किती मुलं उभी राहतात, हे इंटर्नना विचारा. ते खरं सांगतात. आईबाबांनी कँटीनमध्ये चहा घेत थांबावं, मुलीला एकटीला आत फिरू द्यावं. परत येताना गाडीत कुणी मत मांडू नये. घरी पोचून ती पाणी प्यायली, की आधी तिला बोलू द्या.