ब्लाऊजला फोडणीचा वास

शिवणकाम करणाऱ्या बाईला आपल्या खोलीचा वास सहसा कळत नाही. दिवसभर तिथेच बसल्यावर नाक काही मिनिटांत त्याची दखल घेणं सोडून देतं. तो कळतो गिऱ्हाइकाला, आणि तोही बहुतेक वेळा घरी जाऊन पिशवी उघडल्यावर. आमच्या आळीतल्या एक वहिनी फिटिंग बघायला आल्या होत्या. त्यांनी ब्लाऊज नाकाशी नेला आणि हसत विचारलं, "आज कुळथाची पिठी काय गो?" पिठीच होती, वर सढळ हातानं लसणीची फोडणी. वहिनी घरच्या म्हणून हसल्या. दुसरी कुणी असती तर तोंडानं काही बोलली नसती, पुढचं कापड गुपचूप दुसरीकडे टाकलं असतं. वासाची तक्रार कुणी करत नाही. गिऱ्हाईक फक्त यायचं थांबतं.

रत्नागिरीत आमची शिवणाची खोली म्हणजे मागची पडवी बंद करून काढलेली जागा. एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला परसू, वर कौलं. घरात शिवणाऱ्या बहुतेक बायकांची जागा थोडीफार अशीच असते, म्हणून सांगते. फोडणी चरचरली की तेलाचे बारीक कण वाफेबरोबर घरभर फिरतात आणि जे कापड टांगलेलं असेल त्यावर बसतात. त्यावर सेंट मारला तर लसूण जात नाही, लसूण आणि सेंट मिळून तिसराच वास तयार होतो. उपाय अगदी साधा आहे. तयार झालेले कपडे हँगरवर मिरवत ठेवायचे नाहीत. कपाटात जागा नसेल तर त्यांच्यावर धुतलेली जुनी सुती चादर टाकायची. स्वयंपाकाच्या वेळी मधलं दार बंद. बांगडे तळायचे असतील त्या दिवशी तर बाहेरच्या कपड्याला इस्त्रीसुद्धा करू नये.

उदबत्तीबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण ती सगळ्यांच्याच खोलीत असते. मीही सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळल्याशिवाय पायडल मारत नाही. पण ओवाळली की ती बाहेर तुळशीपाशी. धूर कापडात मुरतो, हे एक. दुसरं म्हणजे ठिणगी. सुती कापडावर राखेचा कण पडला तर झटकता तरी येतो, जॉर्जेट किंवा नायलॉनच्या साडीला तेवढ्यानं भोक पडतं. शिवाय मशीनखाली, कटिंगच्या टेबलाखाली कापडाचा जो भुगा साठतो तो चटकन पेटतो. सुवासिक मेणबत्त्यांचं सध्या फार खूळ आहे. त्या दिवाणखान्यात शोभतील, चिंध्यांच्या पोत्याशेजारी नको. फवाऱ्याच्या रूम फ्रेशनरचे थेंब रेशमावर पडले की डाग उठतात, आणि ते डाग आपल्या हातून पडले नाहीत हे कुणाला पटवून देणार?

आता डांबराच्या गोळ्यांकडे येते. हे सगळं लिहायचं खरं कारण तेच.

लग्नसराईत, ऐन मे महिन्यात, एक रेशमी साडी फॉल-पिकोला आली. पिशवीत घडी घातलेली होती तशीच मी ती कपाटात ठेवली, कारण त्या आठवड्यात नवरीचे ब्लाऊज आधी द्यायचे होते. साडी बाहेर काढली तर पदराशेजारच्या घडीवर तळहाताएवढा तेलकट डाग. गिऱ्हाईक आलं, डाग बघितला आणि म्हणालं, मशीनचं तेल. मशीनला साडी लागलीच नव्हती, पण हे सांगून पटत नाही. शिवणाऱ्या बाईच्या घरात तेलकट डाग म्हटलं की मशीनचंच तेल.

घडी पुरती उलगडली तेव्हा आत कागदाची पुडी सापडली. पुडीत डांबराच्या दोन गोळ्या आणि त्यांना लगटून कापराच्या वड्या, सगळं पाघळून एक झालेलं. डांबरगोळ्या गिऱ्हाइकानं स्वतः घातल्या होत्या आणि तिच्या सासूबाईंनी वरून कापूर. दोघींनीही साडीच्या काळजीपोटीच. आमच्या शेजारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत, त्यांनी उलगडा केला. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन एकटं असेल तर ८० अंशांना वितळतं, कापूर तर १७५ अंशांच्या पुढे. पण दोन्ही एकमेकांना चिकटून राहिली की मिश्रणाचा वितळणबिंदू इतका खाली येतो की उन्हाळ्यातल्या कौलारू खोलीत ते आपोआप पातळ होतं. सरांनी बशीत एक गोळी आणि एक वडी कुटून एकत्र करून दाखवली. बघता बघता बशीत ओल धरली. गिऱ्हाइकालाही बोलावून तेच दाखवलं, तेव्हा विषय मिटला. साडी सावलीत वाऱ्यावर टाकल्यावर ओलसरपणा बराचसा उडून गेला, राहिलेली छटा ड्रायक्लीनवाल्यानं काढली.

तेव्हापासून आमच्याकडे आलेलं प्रत्येक कापड गिऱ्हाइकासमोर, उजेडात, घडी अन् घडी उलगडून बघितलं जातं. डाग असेल तर वहीत नोंद, आत पुडी असेल तर ती लगेच परत. नव्यानं काम सुरू करणाऱ्या मुलींना माझं पहिलं सांगणं हेच असतं. लाजू नका, कापड समोर उलगडा. सुरुवातीला गिऱ्हाइकाला विचित्र वाटतं, मग सवय होते. आणि घरच्या कपाटात डांबरगोळी ठेवायचीच असेल तर एकटी ठेवा, कापडाला न लागेल अशी पुरचुंडीत. जरीच्या साड्यांत तर नकोच. त्या मलमलीत गुंडाळून ठेवाव्यात आणि अधूनमधून घड्या बदलाव्यात.

याच गोळ्यांची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. बाळंतविड्यासाठी दुपटी आणि झबली शिवायला मी घाऊक दुकानातून फलालीन आणलं होतं. गठ्ठ्यालाच डांबराचा उग्र वास होता. शिवून घेणारी मुलगी स्वतः नर्स. तिनं कापड हातात घेतलं आणि तिथेच परत ठेवलं. म्हणाली, "ताई, हे धुतल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावायचं नाही." काही बाळांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाचं एक विकर जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातले की त्यातल्या नॅफ्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते, आणि ती जिवावरही बेतू शकते. बाळाच्या रक्तात हा दोष आहे की नाही, हे घरच्यांना बहुधा ठाऊकच नसतं. आजीच्या ट्रंकेतून काढलेली जुनी दुपटी, टोपडी, मायेनं जपलेली, त्यांनाही हेच लागू. आधी उघड्या हवेत टाकायची, मग धुवायची, उन्हात वाळवायची, आणि वास पुरता गेल्याशिवाय वापरायची नाहीत. लहान मुलांच्या कपड्यांचं कापड मी आता शिवायच्या आधीच धुऊन घेते. त्यानं आटायचं असेल ते आटतं, हा वर नफा.

पावसाळ्याचा वास वेगळा. तो आला की बायका सुगंधी काहीतरी शोधायला लागतात, आणि इथेच घोळ होतो. कुबट वास म्हणजे बुरशी. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती ८०च्या वरच असते. बुरशी आधी कापडावर येत नाही. कापायच्या कागदी खाक्यांवर, बुकरमच्या गुंडाळीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, पॅडच्या फोममध्ये ती आधी बसते. म्हणून वास आला की नाक तिकडे न्यावं. पुठ्ठ्याची खोकी काढून टाकून झाकणाचे डबे घ्यावेत, पण त्यांत कापड पूर्ण सुकं असेल तेव्हाच, नाहीतर ओल आत कोंडते. कपाट भिंतीला टेकवू नये, चार बोटं जागा सोडावी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाहेर पाऊस आहे म्हणून घरचे धुतलेले कपडे शिवणाच्या खोलीत दोरीवर टाकणं. त्या कपड्यांतलं सगळं पाणी शेवटी त्याच हवेत जातं आणि आपल्या थानांत मुरतं. त्यापेक्षा ते पुढच्या पडवीत दोन दिवस दमट राहिलेले परवडले.

ओल शोषणारे डबे बाजारात मिळतात. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, ते पाणी ओढतं आणि खालच्या कप्प्यात खारट द्रव साठतो. उपयोग होतो, पण डबा कायम सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा आणि भरण्याआधी ओता. तो वरच्या फळीवर कलंडला तर खालच्या रेशमाचं काही खरं नाही. दुपारी ऊन पडलं की खिडक्या उघडायच्या, संततधार असली की बंद करून पंखा लावायचा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते भिंतीवर असावं. आकडा ६०च्या खाली असला की निर्धास्त.

मशीनच्या वासाचं थोडक्यात. आमच्या आईच्या पिढीत मशीनला खोबरेल घालायची पद्धत होती. ते खवट होतं, सुकून चिकट पुट धरतं, मशीन जड चालते आणि तोच खवटपणा कापडाला लागतो. मशीनचं पातळ पांढरं तेलच वापरा. तेल घातल्यावर आधी चिंधीवर टीप मारा, कापड नंतर. जुनं पुट काढायला रॉकेल लावावं लागलं तर मशीन परसात नेऊन लावा. ज्युकीसारख्या मोटारीच्या मशीनला खाली तेलाचा ट्रे असतो. त्यातलं तेल तपकिरी झालं की बदलायचं, वरून नवं ओतत राहायचं नाही. आणि जळकट वास आला तर काही शोधत बसू नका, आधी बटण बंद करा. पट्टा घासत असेल किंवा मोटारीचं वायंडिंग तापत असेल.

काही कापडांना त्यांचा स्वतःचा वास असतो, त्याला दोष देऊ नये. कलमकारीचं कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुडवलेलं असतं, म्हणून त्याला किंचित आंबूस वास येतो. निळीत रंगवलेल्या कापडाला मातकट. सुरकुत्या न पडणाऱ्या शर्टपीसना कधी कधी मासळीसारखा वास येतो, तो त्यावर चढवलेल्या रसायनाचा. इस्त्री केली की उसळतो. हे सगळे वास धुण्यानं कमी होतात, फवाऱ्यानं नाही. गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवलं की बरं, नाहीतर आळ आपल्या खोलीवर येतो.

सगळ्यात अवघड मामला अंगावरून उतरवून थेट अल्टरला आणलेल्या कपड्यांचा. काखेत शिलाई सोडायची असते, म्हणजे नाक नेमकं तिथेच. पॉलिस्टरचा ब्लाऊज असेल तर विचारूच नका. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायाम केलेल्या लोकांचे कपडे तपासले होते. सुतीपेक्षा पॉलिस्टरला जास्त वाईट वास येतो आणि वास निर्माण करणारे जंतू त्यावर चांगले वाढतात, असं त्यांना आढळलं. शिवणाऱ्या बाईला हे संशोधनाविनाच ठाऊक असतं, पण आधार असलेला बरा. असा एक कपडा इस्त्रीखाली गेला की खोलीभर होतो.

तोंडावर कसं सांगायचं? मी सांगत नाही, पावती सांगते. पावतीवर छापूनच घेतलंय, 'अल्टरचे कपडे धुऊन आणावेत.' छापलेल्या ओळीचा कुणाला राग येत नाही. तरी कुणी घाईत आणलंच तर तो कपडा वेगळ्या पिशवीत, बाहेरच्या खुंटीवर राहतो, आणि गिऱ्हाईक मानत असेल तर काखेचा भाग पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास भिजवते. आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का बघून. नव्या ब्लाऊजला काखेत सुती अस्तराचे तुकडे लावायचा आग्रह मी धरते. शिलाई थोडी वाढते, ब्लाऊज मात्र जास्त दिवस घालता येतो.

हे सगळं झाल्यावर सुगंधाची हौस करायला हरकत नाही. वेखंडाचे तुकडे आणि लवंगा मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात टाकते. वेखंडानं कसर दूर राहते, विशेषतः शाली आणि खळीच्या कपड्यांपासून. कडुलिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला, ओल्या पानाचा डाग पडतो. वाळ्याची जुडी दारात टांगते. बकुळीची फुलं सुकली तरी वास धरून असतात, ती धाग्यांच्या खणात, कापडाला न लागता. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या, तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांत पॅचुलीची वाळलेली पानं घालत. तिकडच्या बायकांना तो वास म्हणजेच अस्सल शाल वाटायला लागला आणि नक्कल विणणाऱ्या फ्रेंचांनाही ती पानं मागवावी लागली. वास माल विकू शकतो, तर! पण माझ्या गिऱ्हाइकांत दम्याच्या दोघी आहेत, एकीचं डोकं अत्तराच्या वासानं चढतं. म्हणून तयार कपड्यांच्या पिशवीत पुरचुंडी घालायच्या आधी मी विचारते. बहुतेक जणी नको म्हणतात, आणि मग त्यांचे कपडे नुसतेच, कोऱ्या सुती पिशवीत घडी करून जातात.