जठराचे आम्ल आणि त्याचे लगाम

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारे अनेक जण आपली तक्रार एकाच शब्दात सांगतात : ‘पित्त’. वास्तविक पित्त यकृतात तयार होते. छातीत जळजळते ते बहुधा जठरातील आम्लामुळे. हे आम्ल शत्रू नव्हे. प्रथिनांचे पचन त्यानेच सुरू होते आणि अन्नपाण्यातून आलेले पुष्कळसे जंतू त्यातच मरतात.

त्यावर संप्रेरकांचा ताबा असतो. १९०५ मध्ये जॉन एडकिन्स यांनी ज्याची कल्पना मांडली ते गॅस्ट्रिन अन्न पोटात येताच आम्ल वाढविते. आम्ल पुरेसे झाले की सोमॅटोस्टॅटिन गॅस्ट्रिनला आवरते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू पुष्कळदा हा लगामच सैल करतो. मग आम्ल वाढून लहान आतड्याच्या आरंभी व्रण पडतो. या जीवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. व्रणावर प्रतिजैविके का देतात, याचे उत्तर येथे आहे.

गॅस्ट्रिन वाढले म्हणजे आम्ल वाढलेच, असे मात्र नाही. आम्ल तयार करणाऱ्या पेशी झिजल्या, तर आवरणारे काही उरत नाही आणि गॅस्ट्रिन वाढतच जाते. अशा रुग्णांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व पंडुरोग आढळतो. ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनीही ते वाढते. तेव्हा अहवालातील एका आकड्याने नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये. गॅस्ट्रिन व आम्ल दोन्ही बेसुमार वाढविणारी गाठ असते, पण ती विरळा.

आम्हाला खरी चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. नारायणगाव परिसरात टोमॅटोचा हंगाम आला की दिवसभर वाकून कंबर धरते आणि दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी चहाबरोबर उपाशीपोटी घेतली जाते. या गोळ्या आम्ल वाढवीत नाहीत, जठराच्या अस्तराचे संरक्षण घटवितात. म्हणून जळजळ न होताही व्रणातून रक्तस्राव होऊ शकतो. साध्या पोटदुखीला दुर्बिणीची तपासणी कशाला, असे देणगीदार कधी विचारतात. हा व्रण रक्ताच्या अहवालात दिसत नाही, दुर्बिणीतच दिसतो.

पश्चिमेकडील आदिवासी गावांत हिरडा गोळा करतात, पोटासाठी वापरतातही. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु वाहणारा व्रण हिरड्याने थांबत नाही, सोड्यानेही नाही. डांबरासारखे काळे, चिकट शौचास झाले, तर ते लोहाच्या गोळ्यांमुळे की रक्तामुळे, हे घरी ठरवू नये. चक्कर किंवा रक्ताची उलटी असेल, तर भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीतून पावसात निघावे लागले तरी सकाळची वाट पाहू नये.