परदेशी अध्यापन : दुसऱ्या प्रस्थानापूर्वीचा हिशेब

विद्यादान करणाऱ्या माणसाने दूर देशी जाऊन स्थिरावणे, ही जयपूर नगरीस नवी गोष्ट नाही. १७२७ मध्ये या नगरीची स्थापना करणाऱ्या सवाई जयसिंहांच्या दरबारी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते; युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली. १९४३ मध्ये महाराणी गायत्री देवींनी येथे मुलींची शाळा काढली, तेव्हा तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका झाल्या लिलियन लटर. ब्रह्मदेशातून आलेल्या या बाईंची कर्मभूमी पुढे जयपूर हीच ठरली. १९७० मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

आज प्रवाहाची दिशा पालटली आहे. जयपूरमधील अनेक इंग्रजी शिक्षक-शिक्षिका परदेशातील शाळांत अध्यापन करतात, काही वर्षांनी परततात, आणि मग एक दिवस जुन्या शाळेकडून पुन्हा बोलावणे येते. पहिल्या वेळी जाण्याचा निर्णय बहुधा उत्साहात घेतला जातो. दुसऱ्या वेळी मात्र वय वाढलेले असते, घरची माणसे थकलेली असतात आणि येथील नोकरी नव्याने रुजलेली असते. म्हणून दुसऱ्या प्रस्थानाचा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. तो कसा मांडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक उदाहरण

समजण्याच्या सोयीसाठी जयपूरमधील एका मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित असले, तरी त्यातील परिस्थिती अनेक घरांत आढळणारी आहे. घरातील शिक्षिका बेचाळीस वर्षांच्या आहेत. संयुक्त अरब अमिरातीतील एका शाळेत चार वर्षे इंग्रजी शिकवून दोन वर्षांपूर्वी त्या परतल्या व येथील खासगी शाळेत रुजू झाल्या. पती जयपूरमध्येच नोकरी करतात. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या असून कन्या यंदा अकरावीत जाणार आहे. गृहकर्जापैकी ७ लाख रुपये फेडावयाचे आहेत.

जुन्या शाळेने दोन वर्षांचा करार देऊ केला आहे. वेतन रुपयांत दरमहा सुमारे १,५०,००० पडते. निवास व वर्षातून एकदा विमानाचे तिकीट शाळेकडून. येथील वेतन ४८,००० रुपये आहे. तीन आठवड्यांत उत्तर कळवावयाचे आहे.

घरात प्रथम जो आकडा उच्चारला जातो, तो दोन वेतनांतील फरकाचा : दरमहा १,०२,००० रुपये. दोन वर्षांत सुमारे साडेचोवीस लाख! या आकड्यापुढे इतर सर्व प्रश्न लहान वाटू लागतात. नेमकी येथेच पहिली चूक होते.

वेतन नव्हे, शिल्लक मोजावी

तुलना दोन वेतनांची करावयाची नसते; करार संपल्यावर हाती काय उरेल आणि येथेच राहिल्यास काय उरले असते, या दोन शिलकांची करावयाची असते. वरील कुटुंबाचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येईल.

परदेशातील मासिक वेतन : १,५०,००० रुपये
तेथील भोजन, प्रवास, दूरध्वनी इत्यादी खर्च : ४५,००० रुपये
सासूबाईंसाठी मदतनीस, स्वयंपाकाची बाई, कन्येची शिकवणी असा घरी नव्याने होणारा खर्च : २५,००० रुपये
उरणारी रक्कम : ८०,००० रुपये

येथील ४८,००० रुपयांतून शिक्षिकेचा स्वतःचा ८,००० रुपये खर्च वजा जाता ४०,००० रुपये उरतात. म्हणजे खरा मासिक फरक ४०,००० रुपयांचा झाला. येथील शाळा भविष्य निर्वाह निधीत आपला वाटा म्हणून दरमहा १,८०० रुपये भरते, असे धरले तर तो वाटा बंद होईल. फरक राहिला ३८,२०० रुपये. चोवीस महिन्यांचे ९,१६,८०० रुपये.

यातून प्रमाणपत्रांचे साक्षांकन, वैद्यकीय तपासणी व नव्याने बिऱ्हाड मांडणे यांसाठी ६०,००० आणि एखाद्या आकस्मिक प्रवासासाठी ५०,००० रुपये वजा करावेत. परतल्यावर नोकरी लगेच मिळेलच असे नाही. चार महिने रिकामे गेले, तर आणखी १,६०,००० रुपये कमी होतात. बाकी ६,४६,८०० रुपये. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याप्रमाणे सेवासमाप्तीच्या वेळी पहिल्या पाच वर्षांपर्यंत दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन मिळते. मूळ वेतन ९०,००० रुपये धरल्यास दोन वर्षांचे १,२६,००० रुपये होतात. ते मिळवून एकूण लाभ ७,७२,८०० रुपये, म्हणजे दरमहा ३२,२०० रुपये झाला.

१,०२,००० रुपयांचा फरक ३२,२०० रुपयांवर आला. ही रक्कमही लहान नाही. गृहकर्ज तिच्यातून फिटू शकते. परंतु निर्णय घ्यावयाचा तो या रकमेवर, आधीच्या रकमेवर नव्हे.

वाचकांनी हाच तक्ता स्वतःच्या आकड्यांनी भरून पाहावा. विनिमय दराचाही विचार करावा. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला असल्याने रुपया डॉलरच्या तुलनेत घसरला तर लाभ वाढेल, वधारला तर घटेल.

तक्त्यात न मावणाऱ्या बाबी

काही हानी मासिक हिशेबात दिसत नाहीत. येथील कायम नोकरीत उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा आवश्यक असते. दोन वर्षांनंतर राजीनामा दिल्यास ती दोन वर्षे या दृष्टीने वाया जातात. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची पात्र सेवा लागते. या योजनेच्या सभासदाने जाताना त्या खात्यातील रक्कम काढून घेतली, तर आधीची सेवाही मोजणीतून जाते. म्हणून रक्कम न काढता सेवेचा दाखला घेऊन ठेवणे हितावह. परतल्यावर पुढील सेवा त्यात जोडता येते.

दुसरी बाब संधीची. इंग्रजी अध्यापनाचे क्षेत्र सर्व देशांत सर्वांना सारखे खुले नसते. दक्षिण कोरियाचा परदेशी भाषाशिक्षकांचा परवाना दीर्घकाळ इंग्रजी मातृभाषा मानलेल्या सात देशांच्या नागरिकांपुरता राहिला. १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे पात्र भारतीय शिक्षकांना तेथे मर्यादित वाट मिळाली. याउलट भूतानमध्ये आधुनिक शिक्षणाचा पाया घालण्यात भारतीय शिक्षकांचा मोठा वाटा आहे, आणि आखाती देशांतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा भारतीय शिक्षकांवरच उभ्या आहेत. ज्या शाळेने एकदा काम पाहिले आहे तिचे बोलावणे म्हणूनच मोलाचे असते. मात्र जुनी ओळख म्हणजे जुनाच करार नव्हे. वेतन, मूळ वेतन, निवास, आरोग्य विमा, सुट्टीतील वेतन आणि मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास होणारे परिणाम या गोष्टी नव्याने लेखी घ्याव्यात. मध्यस्थामार्फत जावयाचे असल्यास त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पडताळून पाहावी.

तिसरी बाब पैशात मांडता येत नाही. या उदाहरणातील कराराची दोन वर्षे आणि कन्येची अकरावी-बारावीची दोन वर्षे एकच आहेत. “आई, तू जा. आजीकडे मी बघते,” असे ती म्हणते. त्या शब्दांत समजूतदारपणा आहे, आणि आईला जाऊ देण्यासाठी स्वतःवर घेतलेला भारही आहे. मदतनीसाचा पगार तक्त्यात लिहिता येतो. हा भार लिहिता येत नाही. म्हणून तक्ता पूर्ण झाल्यावर त्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात आणि घरातील प्रत्येकाने आपल्या वाट्याला काय येणार आहे ते तेथे लिहावे.

जाणे ठरल्यास बँकेची कामे

नोकरीसाठी परदेशी जाणारी व्यक्ती परकीय चलन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे अनिवासी ठरते. तिचे येथील बचत खाते एनआरओ खात्यात रूपांतरित करून घ्यावे लागते. परदेशातील कमाईसाठी एनआरई खाते उघडता येते; त्यातील मुद्दल व व्याज परदेशी नेता येते आणि अनिवासी असेपर्यंत त्याच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही. एनआरओ खात्यातील व्याज मात्र करपात्र असते. परकीय चलनातच ठेव ठेवावयाची असल्यास १ ते ५ वर्षांची एफसीएनआर ठेव उपलब्ध आहे. तिच्यात विनिमय दराची जोखीम ठेवीदारावर पडत नाही. आधीपासूनचे पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, परंतु अनिवासी असताना नवे उघडता येत नाही. घरखर्चासाठी पतीला किंवा अन्य नातलगाला मुखत्यारपत्र द्यावे आणि सर्व खात्यांवरील नामनिर्देशन तपासून घ्यावे.

परतलेल्यांकडून एक गोष्ट हमखास राहून जाते. कायम वास्तव्यासाठी परतल्यावर एनआरई खाते निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते, किंवा त्यातील रक्कम आरएफसी खात्यात वळवता येते. दोन वर्षांपूर्वी परतलेल्या व्यक्तीचे जुने एनआरई खाते तसेच राहिले असेल, तर पुन्हा जाण्याचा विचार करण्यापूर्वी ते नियमित करून घ्यावे. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही परतलेल्या ग्राहकास हा प्रश्न आपणहून विचारावा.

प्राप्तिकरासाठी भारतातील मुक्कामाचे दिवस महत्त्वाचे असतात. ऑगस्टअखेर प्रस्थान केल्यास १ एप्रिलपासून भारतातील मुक्काम सुमारे १५३ दिवसांचा होतो. नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीय नागरिकास लागू असलेल्या १८२ दिवसांच्या मर्यादेत तो बसतो. परतीच्या वर्षी मात्र जूनअखेर येऊन येथेच राहिल्यास मुक्काम २७४ दिवसांचा होतो. त्या वर्षासाठी व्यक्ती निवासी ठरते आणि एप्रिल ते जूनच्या परदेशी वेतनाच्या करआकारणीचा प्रश्न उपस्थित होतो. ‘निवासी परंतु सामान्यतः निवासी नाही’ हा दर्जा मिळतो किंवा कसे, हे परतीची तारीख ठरवण्यापूर्वीच कर सल्लागाराकडून तपासून घ्यावे.

निर्णय

उदाहरणातील कुटुंबाने तक्ता भरला आणि या वेळी न जाण्याचे ठरविले. गृहकर्जाचा हप्ता दोघांच्या वेतनातून निघतो आहे. कर्ज थोडे उशिरा फिटले तरी बिघडणार नाही, पण कन्येची बारावी आणि सासूबाईंची उतरती वर्षे पुन्हा येणार नाहीत, असा विचार त्यामागे होता. शिक्षिकांनी शाळेला आभाराचे पत्र लिहून दोन वर्षांनंतर संधी असल्यास कळवावे, अशी विनंती केली. प्रमाणपत्रे त्यांनी जपून ठेवली आहेत. संध्याकाळी परदेशातील प्रौढ विद्यार्थ्यांना संगणकावरून इंग्रजी शिकवण्याचा विचारही त्या करीत आहेत. असे शुल्क बँकेमार्फत स्वीकारावे लागते व ते येथे करपात्र असते. हे उत्पन्न स्थिर मानू नये. चीनने जुलै २०२१ मध्ये लहान मुलांच्या खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणून परदेशी शिक्षकांच्या ऑनलाइन शिकवण्या थांबवल्या, तेव्हा अनेक देशांतील इंग्रजी शिक्षकांचे काम अल्पावधीत गेले.

हाच तक्ता दुसऱ्या घरात वेगळे उत्तर देईल. घरी ज्येष्ठांची वा मुलांची जबाबदारी नसलेल्या तरुण शिक्षकाचा घरचा वाढीव खर्च २५,००० रुपये धरावा लागणार नाही. इतर आकडे तेच ठेवले, तर दोन वर्षांचा लाभ १३,७२,८०० रुपयांवर जाईल. त्याने जावे, मात्र जाण्याचा हेतू, साठवावयाची रक्कम आणि परतीचा महिना कागदावर लिहून जावे. या तीन गोष्टी लिहिलेल्या नसल्या, की दोन वर्षांची चार होतात आणि चाराची आठ.

बोलावण्याचे पत्र हाती आले, की पहिला दूरध्वनी शाळेस करू नये. त्या रात्री घरातील सर्वांनी एकत्र बसून कागदावर दोन शिलका मांडाव्यात. उत्तर जाण्याचे येवो वा राहण्याचे, ते सर्वांनी मिळून काढलेले असेल. पुढे दोन वर्षे ते निभावून न्यायचेही सर्वांनी मिळूनच असते.