संगणकाची पहिली शिदोरी

नवा संगणक चालूं करावयाचा तर त्यावर प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम असावी लागते. म्हणजे यंत्राचे सर्व भाग चालविणारी व इतर आज्ञावलींना आधार देणारी मूळ व्यवस्था. तिचे निरनिराळे भाग एकेका गाठोड्यांत बांधलेले असतात. त्यांस पॅकेज म्हणतात. त्यांपैकीं कोणतीं पॅकेजें सर्वांना आरंभींच द्यावीं आणि कोणतीं ज्याच्या त्याच्या गरजेवर सोडावीं, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. तो कसा सोडवितात, हें डेबियन या सिस्टिमच्या उदाहरणानें पाहूं.

डेबियनचा आरंभ इयन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं केला. जगभरचे स्वयंसेवक ती तयार करितात व ती कोणासही विनामूल्य मिळते. २०२३ सालीं निघालेल्या तिच्या बाराव्या आवृत्तींत ६४ हजारांहून अधिक पॅकेजें होतीं. एवढा पसारा प्रत्येकाच्या यंत्रांत भरणें इष्ट नाहीं. पॅकेज वापरांत नसलें तरी जागा अडवितें. त्यांत दोष निघाला तर चोरास तेवढीच एक खिडकी उघडी सांपडते. आणि तो दोष दूर करण्याचें काम, ज्यानें तें कधीं वापरलेंही नाहीं त्याच्याही माथीं येतें.

म्हणून डेबियननें पॅकेजांच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिली ‘आवश्यक’: ज्यांवांचून सिस्टिम धड चालणारच नाहीं तीं. दुसरी ‘महत्त्वाचीं’: जीं असणारच असें अनुभवी मनुष्य गृहीत धरितो तीं. तिसरी ‘प्रमाण’: केवळ अक्षरांच्या पडद्यावर काम करणाऱ्यास पुरेल असा आटोपशीर संच. उरलेलीं बहुतेक सर्व ‘ऐच्छिक’. सुंदर छपाईसाठीं नांवाजलेली टेक ही आज्ञावलीसुद्धां दुसऱ्या पायरीवर नाहीं. वस्तु उत्तम आहे एवढ्यावरून ती सर्वांच्या शिदोरींत घालण्याजोगी ठरत नाहीं.

हीं स्थानें कायमचीं नसतात. इंटरनेटच्या जाळ्याशीं असलेली जोडणी तपासण्याचा ‘नेट-टूल्स’ हा जुना संच पूर्वीं दुसऱ्या पायरीवर होता. तेंच काम करणारा ‘आयपीरूट२’ हा नवा संच रुळल्यावर, २०१७ सालच्या नवव्या आवृत्तींत जुन्यास ऐच्छिकांत बसविलें. ज्यांची बोटें जुन्या आज्ञांना सरावलीं होतीं त्यांस हें जड वाटणें साहजिक होतें. परंतु हवा असल्यास तो मागवून घेण्याची मोकळीक राहिलीच.

मात्र मागवून घेण्याची वाटच बंद असली तर? बिनतारी जोडणीच्या पुष्कळ कार्डांत, तीं चालूं होण्यासाठीं, फर्मवेअर नांवाची आज्ञावली भरावी लागते. ती बहुधा कारखानदाराच्या मालकीची असते व तिचें मूळ लेखन तो दाखवीत नाहीं. डेबियनचें ब्रीद तर असें कीं, आपली सिस्टिम कोणासही वाचतां व सुधारतां यावी. या निष्ठेमुळें असें फर्मवेअर बसवणीच्या अधिकृत संचांत घालीत नसत. परिणामीं पुष्कळांची कोंडी होई: फर्मवेअर आणण्यास जाळें हवें, आणि जाळें जोडण्यास फर्मवेअर हवें! शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दाखला आमच्या वाचकांस ठाऊक आहे. पांच जणींनीं दिवे घेतले, पण तेल घेतलें नाहीं. आणि त्या तें विकत आणावयास गेल्या असतां दार लागलें.

२०२२ सालीं डेबियनच्या सभासदांनीं मतदानानें आपल्या सनदेंत दुरुस्ती केली व हें फर्मवेअर बसवणीच्या संचांत घेण्याचें ठरविलें. बाराव्या आवृत्तीपासून तें मिळूं लागलें. मात्र त्यासाठीं निराळा विभाग केला, म्हणजे आपण काय घेत आहों हें घेणाऱ्यास कळावें व नको असल्यास नाकारतांही यावें. आमच्या मतें हा निर्णय योग्यच झाला. कारण ज्यास सिस्टिम बसवितांच येत नाहीं, त्यास तिच्या स्वातंत्र्याचा लाभ तरी कसा व्हावा?

तेव्हां निवड करितांना तीन प्रश्न विचारावे. हें नसलें तर काय अडेल? अडल्यास मागाहून आणतां येईल काय? आणि याचें ओझें कोणाकोणावर पडेल? विद्यार्थिमित्रांनीं आपल्या संगणकांत बसविलेल्या आज्ञावलींची यादी उघडून प्रत्येक नांवापुढें हे प्रश्न ठेवून पाहावे. ज्यांचें उत्तर देतां येत नाहीं, त्यांविषयीं शिक्षकांस विचारावें. न समजतां कांहीं काढूं नये, आणि न समजतां कांहीं भरूंही नये.