दूरच्या संगणकाचा पडदा आणि त्याचे रक्षण

प्रयोगशाळेतील लिनक्स संगणक जागीच राहावा आणि त्याचा चित्रमय पडदा मात्र परगावी बसलेल्या संशोधकापुढे उघडावा, अशा व्यवस्थेस ‘रिमोट डेस्कटॉप’ असे म्हणतात. या व्यवस्थेत दुरून पाहणाऱ्यास केवळ चित्र दिसते असे नव्हे. कळफलक व माउस यांचा अधिकारही त्याच्या हाती जातो. म्हणून ती उभारताना पडदा कोणास दिसावा याइतकाच, तो कोणास दिसू नये, हाही विचार आरंभीच केला पाहिजे.

व्हीएनसी व तिची उणीव

या कामी रूढ असलेली व्हीएनसी पद्धती इंग्लंडमधील केंब्रिज येथे, ऑलिव्हेट्टीच्या संशोधन प्रयोगशाळेत, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सिद्ध झाली. तीत सर्व्हर पडद्याच्या बदललेल्या भागांची चित्रे पाठवितो व उलट दिशेने कळांचे ठोके स्वीकारतो. मूळ पद्धतीत परवलीचा शब्द पडताळण्यासाठी डीईएस हे कूटलेखन योजिलेले आहे. त्याची किल्ली ५६ बिटांची असल्यामुळे शब्दाची पहिली ८ अक्षरेच विचारात घेतली जातात. पुढे कितीही अक्षरे जोडली तरी ती व्यर्थ होत. शिवाय ओळख पटल्यावर चित्रे व ठोके उघडेच प्रवास करतात. काही नव्या आवृत्त्यांत टीएलएस कूटलेखनाची सोय आहे. परंतु ती दोन्ही टोकांस असेलच असे नाही.

बोगद्याची योजना

ही उणीव एसएसएच या साधनाने भरून काढता येते. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावरून परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर, १९९५ साली तातू युलोनेन यांनी ते निर्माण केले. एसएसएच दोन संगणकांमध्ये कूटबद्ध वाहिनी निर्माण करते व तीतून इतर संवादही नेता येतो. यासच बोगदा म्हणतात.

उभारणीचा क्रम

प्रथम सर्व्हरवर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप व व्हीएनसी सर्व्हर बसवावा. तो सर्वाधिकारी ‘रूट’च्या नावाने न चालविता सामान्य वापरकर्त्याच्या नावाने चालवावा. त्याने केवळ १२७.०.०.१ याच पत्त्यावर ऐकावे, अशी आज्ञा द्यावी. हा पत्ता म्हणजे संगणकाचे स्वतःचेच घर होय. बाहेरून आलेली हाक तेथे पोहोचत नाही.

त्यानंतर वापरकर्त्याने आपल्या संगणकावर किल्ल्यांची जोडी तयार करावी. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवावी. खासगी किल्ली परवलीच्या वाक्याने झाकून स्वतःजवळच राखावी. पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरच्या किल्लीचा ठसा पडद्यावर येतो. सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडून आधीच मिळविलेल्या ठशाशी तो ताडून पाहावा. अन्यथा तोतया सर्व्हरशी गाठ पडण्याचा संभव असतो. किल्लीने प्रवेश मिळतो अशी खात्री झाल्यावरच परवलीच्या शब्दाने होणारा प्रवेश व ‘रूट’चा थेट प्रवेश बंद करावा. हा बदल करताना चालू असलेली एक जोडणी उघडी ठेवावी, म्हणजे चूक झाल्यास ती दुरुस्त करता येते.

फायरवॉलमध्ये एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट तेवढे खुले ठेवावे. मात्र ही परवानगी आधी नोंदवून मगच फायरवॉल चालू करावी. क्रम उलटल्यास दूर बसलेला व्यवस्थापक स्वतःच बाहेर अडकतो.

व्हीएनसीचे पोर्ट ५९०० या संख्येत पडद्याचा क्रमांक मिळविल्याने ठरते. पहिल्या पडद्याचे पोर्ट ५९०१. आपल्या संगणकावरील ५९०१ पोर्ट बोगद्याने सर्व्हरच्या ५९०१ शी जोडावे व व्हीएनसी दर्शकास आपल्याच संगणकाचा पत्ता द्यावा. पुढील वाहतूक एसएसएच करते.

पडताळा

शेवटी बोगदा बंद करून, बाहेरच्या जाळ्यावरून सर्व्हरच्या ५९०१ पोर्टशी थेट जोडणी करून पाहावी. ती न जमणे हेच उभारणी बरोबर झाल्याचे लक्षण होय. ती जमल्यास व्हीएनसीचा पत्ता व फायरवॉलचे नियम पुन्हा तपासावेत, आणि दोष सापडेपर्यंत व्हीएनसी सर्व्हर बंद ठेवावा.