चला शिकूया : मावळतीची खिडकी आणि दुपारची झळ



मे महिन्यात दुपारी चारला आपल्या घरात कोण असतं? म्हातारी सासू, बाळंतीण, लहान लेकरं, नाहीतर शिलाई मशीनवर बसलेली आपणच. बाहेर ऊन उतरायला लागतं, पण घर मात्र तापतच जातं. पत्रा तापतो हे खरंच, पण खिडकीतून येणारं ऊनही तेवढंच छळतं. पत्रा बदलायला पैसा लागतो. खिडकीचा बंदोबस्त मात्र या आठवड्यातच करता येईल.

आधी खिडकी ओळखा

आपल्या राज्यात मे महिन्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ‘शून्य सावली दिवस’ याच महिन्यात येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा फारसं ऊन आत येत नाही. उगवतीच्या खिडकीतून येतं, पण सकाळी हवा गार असते. खरी त्रासाची खिडकी मावळतीची. हवा आधीच तापलेली असते आणि वरून तिरपं ऊन थेट घरात शिरतं.

“आमच्या खिडकीला छज्जा आहे की,” असं कुणी म्हणेल. पण दीड फुटाच्या छज्जाची सावली चारच्या सुमाराला खिडकीवर जेमतेम सव्वा फूट पडते. पुढे सूर्य जसा खाली जातो, तशी ती आणखी कमी होते.

पडदा आत नको, बाहेर हवा

आपण आतून जुनी साडी लावतो. डोळ्यांना बरं वाटतं, पण ऊन तर काचेतून आत आलेलंच असतं. साडी तापते आणि ती ऊब खोलीतच राहते. ऊन काचेला लागण्याआधीच अडवायचं, हा आजच्या धड्याचा गाभा.

कसं करायचं?

१. खिडकीपेक्षा सगळ्या बाजूंनी वीतभर मोठं गोणपाट, बांबूची तट्टी किंवा शेतातलं उरलेलं शेडनेट घ्या.

२. ते बाहेरून बांधा. भिंत आणि तट्टी यांत वीतभर जागा सोडा, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल.

३. खालची बाजू सुतळीने पक्की बांधा. वळवाच्या वाऱ्यात उडता कामा नये.

४. खिडकीची दारं सकाळी दहाच्या आत लावा. दिवस मावळून बाहेर गार झालं की समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. घरात चूल पेटत असेल तर धूर जायची वाट मात्र कधीच बंद करू नका.

विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत गोणपाट ओलं ठेवलं आणि खिडकी थोडी उघडी ठेवली, तर आत गार वारा येतो. कोकणच्या दमट हवेत ओल्या गोणपाटाचा फारसा उपयोग नाही. सावलीचा उपयोग मात्र सगळीकडे होतो.

पुढच्या वर्षासाठी आणखी एक काम. फेब्रुवारीत त्या खिडकीपुढे दोडका किंवा कारल्याचा वेल लावा आणि मोरीचं पाणी तिकडे वळवा. मे महिन्यापर्यंत सावलीही होईल आणि भाजीही.

लक्षात ठेवा

घर गार केलं तरी लू लागू शकते. अंग खूप तापलं, चक्कर आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत घ्या, अंग ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

समूहात करून बघा

पुढच्या बैठकीत एका ताईचं घर निवडा आणि सगळ्या मिळून तट्टी बांधा. बांधण्याआधी चार वाजता खिडकीसमोरच्या फरशीला हात लावून बघा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लावा. फरक हातालाच कळेल. मग ज्या घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ आहे, तिथून सुरुवात करा.